मनोविकाराच्या गोळ्या बंद झाल्यावरचे महिने: कोणता त्रास कशाचा, आणि त्यावर काय करायचं

गोळी बंद होऊन तीन महिने झाले, पाळी अजून का येत नाही? जीभ तोंडात आपोआप का फिरते? रात्र रात्र डोळा का लागत नाही? स्वमदत गटात हे प्रश्न हमखास येतात. विचारणाऱ्याला एकच उत्तर हवं असतं: हे औषधाचंच आहे ना, आणि जाईल ना? असं एक उत्तर नाही. यातले काही त्रास आठवड्यांत जातात, काहींना महिने लागतात. काही आपोआप जात नाहीत, त्यांच्यावर उपचार करावे लागतात. आणि काही त्रास औषधाचे नसतातच, तो परत डोकं वर काढणारा मूळ आजार असतो. सगळ्यांची एकच मोट बांधली की हाताशी असलेला उपायही सापडत नाही.

हा लेख रिस्पेरिडोन, ओलान्झापाइन, क्वेटियापाइन, अरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांसारखी अँटिसायकोटिक, म्हणजे भास-संशयावरची, औषधं बंद केलेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी आहे. आपल्याकडच्या गटांत ज्यांना शुभार्थी आणि शुभंकर म्हणतात, ते दोघंही. औषध बंद करावं की नाही, हा इथला विषय नाही. ते बंद झालं आहे, आता पुढे काय, एवढंच पाहू.

आधी तारखा लिहून काढा

एक साधी वही घ्या. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, आणि शेवटची गोळी किंवा इंजेक्शन कधी, हे लिहा. जुनी प्रिस्क्रिप्शनं हरवली असतील तर रुग्णालयाकडे मागा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने रुग्णाला स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

शेवटची गोळी घेतली त्या दिवशी औषध शरीरातून जात नाही, म्हणून तारखा लागतात. क्वेटियापाइनची रक्तातली पातळी सहा-सात तासांत निम्मी होते, ओलान्झापाइनला साधारण तीस तास लागतात, अरिपिप्राझोलला तीन दिवसांहून जास्त. महिन्याला मिळणारं हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचं इंजेक्शन निम्मं उतरायलाच सुमारे तीन आठवडे जातात. म्हणजे क्वेटियापाइन सोडलेल्याला त्याच आठवड्यात झोपेचा त्रास सुरू होईल. इंजेक्शन सोडलेला मात्र दोन महिने ठणठणीत असेल आणि तिसऱ्या महिन्यात बिनसेल. घरच्यांना वाटतं, 'औषध सोडून इतके दिवस झाले, याचा औषधाशी काय संबंध?' संबंध असतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे औषध 'धुऊन काढायला' कशाचीही गरज नसते. 'मेंदू डिटॉक्स'च्या नावाने विकली जाणारी चूर्णं आणि ड्रिप घेऊ नका. गोळीच्या रूपात घेतलेलं औषध यकृत आणि मूत्रपिंडं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत बाहेर काढतात. मागे राहतो तो औषधाच्या सवयीने बदललेला मेंदू. डोपामिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाची दारं वर्षानुवर्षं अडवून ठेवली की मेंदू ती दारं वाढवतो आणि अधिक संवेदनशील करतो. अडसर निघाल्यावर हा वाढीव कारभार आवरायला त्याला वेळ लागतो. पुढचे बरेच त्रास या एका गोष्टीतून येतात.

एका झटक्यात सोडलं असेल तर

हे वाचताना औषध सोडून थोडेच दिवस झाले असतील, एकदम सोडलं असेल आणि त्रास जोरात असेल, तर हात-पाय गाळून बसू नका आणि हट्टालाही पेटू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटून थोडा डोस परत सुरू करून सावकाश उतरता येईल का, हे विचारा. असं करणं म्हणजे हार नव्हे. क्लोझापाइन एकदम सुटलं असेल तर त्याच दिवशी फोन करा. त्यात आजार फार वेगाने उसळू शकतो, शिवाय मळमळ, घाम आणि गोंधळलेपणाही येतो. मात्र दोन दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुना डोस स्वतःहून परत घेऊ नका. तो पुन्हा खालून चढवत न्यावा लागतो.

उतरताना शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो, त्याचं कारण डोस आणि परिणाम यांच्या विषम नात्यात आहे. रिस्पेरिडोन ४ वरून २ मिलिग्रॅमवर आणताना मेंदूत होणारा फरक तुलनेने लहान असतो, १ वरून शून्यावर येताना तो मोठा असतो. म्हणून 'आता काय, अर्धीच गोळी तर राहिली' म्हणून ती फेकून देणाऱ्यांना तिथेच ठेच लागते. शेवटचे तुकडे लहान लहान करत, प्रत्येक टप्प्यावर काही आठवडे, गरज पडल्यास महिने थांबत जाणं, हा विचार गेल्या काही वर्षांत मानसोपचारातही रुजू लागला आहे. काही औषधं द्रवरूपात मिळतात, त्यांत थेंबाथेंबाने कमी करता येतं. एक सूचना: पोटात औषध सावकाश सोडणाऱ्या, लांब परिणामाच्या गोळ्या, म्हणजे नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेल्या, कापायच्या किंवा कुटायच्या नसतात.

सोबत ट्रायहेक्झिफेनिडिल, म्हणजे कंप आणि ताठरपणा यांवर दिली जाणारी गोळी, चालू असेल तर तेही त्याच दिवशी सोडू नका. ते मुख्य औषधानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवतात. पण विसरून जाऊन वर्षानुवर्षं घेतही राहू नका. मुख्य गोळी बंद आणि हीच चालू, असे कितीतरी जण असतात. मग बद्धकोष्ठता आणि विसराळूपणा यांचं खापर फुटतं जुन्या औषधावर.

मळमळीची गोळी घेण्याआधी थांबा

ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून तिला वेगळी जागा देतो. औषध सुटल्यावर मळमळ, पोटात ढवळणं, चक्कर हे त्रास होतात. माणूस गल्लीतल्या डॉक्टरांकडे किंवा थेट मेडिकलमध्ये जातो आणि तिथून अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेऊन येतो. तिच्या पाठीवरची नावं वाचा. आपल्याकडे पित्ताच्या अनेक कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या जोडीला लेवोसल्पिराइड असतं. ते अमिसल्प्राइडच्याच कुळातलं, डोपामिन अडवणारं औषध आहे. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिन यांचंही तेच. वयस्कर माणसांना चक्करेसाठी सर्रास दिलं जाणारं सिनारिझिन आणि अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन यांनीही कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय जोडगोळीत फ्लुपेन्टिक्सॉल असतं, ते तर सरळसरळ अँटिसायकोटिक आहे.

म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेलं औषध मागच्या दाराने घरात येतं. हालचालींचा त्रास रेंगाळतो, पाळी येत नाही, आणि कोणाला कारण उमगत नाही. आजच घरातला औषधांचा डबा जेवणाच्या टेबलावर ओता आणि प्रत्येक पट्टीवरची घटकद्रव्यं वाचा. वहीच्या पहिल्या पानावर ही नावं लिहा आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात की ते पान दाखवा. मळमळीसाठी दुसरी औषधं आहेत, पण निवड डॉक्टरांना करू द्या.

झोप

क्वेटियापाइन किंवा ओलान्झापाइन सुटल्यावर झोप उडणं अगदी अपेक्षित आहे, कारण ही औषधं हिस्टामिन अडवून गुंगी आणतात. बहुतेकांची झोप काही आठवड्यांत सावरते. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. सकाळी उन्हात अर्धा तास चाला, दुपारनंतर चहा नको, दुपारी आडवं व्हायचं तर वीस मिनिटं, तेही तीनच्या आत. झोपेसाठी दारू किंवा गांजा अजिबात नको. गांजाने आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे पक्कं ठाऊक आहे.

झोप उडणं ही सवय सुटल्याची खूण असते, तशीच आजार परतत असल्याची सर्वांत पहिली खूणही तीच असते. म्हणून सलग दोन-तीन रात्री जवळपास जागून काढल्या तर डॉक्टरांना कळवायचं. थोड्या दिवसांसाठी झोपेचं औषध घेतल्याने अनेकदा पुढचं बरंच टळतं.

आतली अस्वस्थता

खुर्चीत बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, उभं राहिलं की एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत राहावं लागतं, आतून कोणी ढकलतंय असं वाटतं. याला अकॅथिसिया म्हणतात. औषध चालू असताना तो होतो तसा कमी करताना किंवा सोडल्यावरही होतो. बाहेरून तो 'टेन्शन' वाटतो, घरचे म्हणतात, 'अरे, जरा शांत बस ना.' पण त्याला बसताच येत नसतं. हा त्रास माणसाला जीव द्यायच्या विचारापर्यंत नेऊ शकतो, त्यामुळे त्याला किरकोळ समजू नका. डॉक्टरांना 'घाबरल्यासारखं होतं' एवढंच सांगू नका. 'पाय स्थिर राहत नाहीत, चाललं की बरं वाटतं' अशा शब्दांत सांगा, म्हणजे निदान चुकत नाही. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं उपयोगी पडतात. दमा असेल तर मात्र ते चालत नाही, हे आधीच सांगा.

पायांची चुळबुळ फक्त रात्री अंथरुणावर होत असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेने असं होतं, आणि पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांमध्ये ही कमतरता सर्रास सापडते.

तोंड, जीभ, बोटांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली

ओठ चघळल्यासारखे हलणं, जीभ आत-बाहेर होणं, गाल फुगणं, डोळे सारखे मिचकणं, बोटं पेटी वाजवल्यासारखी हलणं. हा टार्डिव्ह डिस्कायनेसिया. १९६४ पासून हे नाव वैद्यकात आहे. जुन्या पिढीची औषधं, जास्त वय, स्त्री असणं, मधुमेह आणि औषधाचा लांबलेला काळ यांनी धोका वाढतो. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, जे औषध याला कारण होतं तेच त्याला झाकूनही ठेवतं. त्यामुळे डोस कमी केल्यावर हालचाली पहिल्यांदा दिसतात किंवा वाढतात.

पहिले एक-दोन महिने घाबरून निष्कर्ष काढू नका. औषध सुटल्यामुळे आलेल्या अशा हालचाली अनेकदा चार ते आठ आठवड्यांत ओसरतात. त्यापुढे टिकल्या तर त्यांना टार्डिव्ह समजून उपचार सुरू करायचे. महिने-वर्षांच्या काळात काही जणांच्या हालचाली कमी होत जातात, काहींच्या राहतात. वय कमी आणि निदान लवकर झालेलं, तर शक्यता बरी.

घरी नोंद ठेवायची पद्धत अशी. महिन्यातून एकदा, एकाच जागी, उजेडात, हात नसलेल्या खुर्चीवर बसा. तोंडात सुपारी, गोळी, च्युइंगम काही नको. पाय जमिनीला टेकलेले, हात गुडघ्यांवर. मोबाइल समोर ठेवून चेहऱ्यापासून पायांपर्यंत सगळं दिसेल असं चित्रीकरण सुरू करा. मिनिटभर नुसतं बसा. मग तोंड दोनदा उघडा, जीभ दोनदा बाहेर काढा. मग अंगठ्यावर एकेक बोट पटापट टेकवत दहा-पंधरा सेकंद मोजा, आधी उजवा हात, मग डावा. बोटं चालू असताना चेहऱ्याकडे लक्ष असू द्या, दडलेल्या हालचाली तेव्हाच उघड्या पडतात. शेवटी उठून चार पावलं चाला आणि परत या. आपोआप होणाऱ्या हालचाली मोजायला डॉक्टर जी एम्स (AIMS) नावाची तपासणी करतात तिचाच हा घरगुती अवतार. दवाखान्याच्या पाच मिनिटांत जे दिसत नाही ते सहा महिन्यांच्या सहा चित्रफितींत दिसतं. दरम्यान रोज आरशासमोर उभं राहून जीभ तपासायची नाही. ताणाने हालचाली वाढतात, झोपेत त्या थांबतात.

उपचार आहेत. ही 'आता असंच राहणार' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. मेंदूविकारतज्ज्ञ, त्यातही हालचालींच्या विकारांचे जाणकार मिळाले तर उत्तम. टेट्राबेनाझिन आपल्याकडे मिळतं. त्याच्याच कुळातल्या ड्युटेट्राबेनाझिन आणि व्हॅल्बेनाझिन या दोन औषधांना अमेरिकेत २०१७ साली याच विकारासाठी मान्यता मिळाली. टेट्राबेनाझिनने उदासी येऊ शकते, म्हणून आधी नैराश्य होतं का, आत्महत्येचे विचार आले होते का, हे डॉक्टरांपासून लपवू नका. मान वाकडी होणं, पापण्या घट्ट मिटणं यांसारख्या एका जागच्या त्रासाला बोट्युलिनमची इंजेक्शनं देतात. आणि पुन्हा ट्रायहेक्झिफेनिडिल: कंप आणि ताठरपणा यांना ते चालतं, जीभ-ओठांच्या या हालचाली मात्र त्याने वाढू शकतात.

म्हाताऱ्या माणसांची कवळी आधी बघा. सैल कवळीनेही तोंड सतत हलत राहतं, आणि दंतवैद्याकडच्या एका फेरीत निम्मा प्रश्न सुटल्याची उदाहरणं आहेत. गिळताना ठसका लागत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. घसा आवळल्यासारखा होऊन श्वास अडत असेल तर मात्र थेट रुग्णालयात जा.

पाळी, दूध, लैंगिक इच्छा

रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, लेवोसल्पिराइड यांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, चढतं. पाळी थांबते, छातीतून दूध येतं, पुरुषांत इच्छा आणि ताठरता कमी होते. गोळी सुटल्यावर प्रोलॅक्टिन सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत खाली येतं, इंजेक्शननंतर महिने लागतात. तीन महिन्यांनी तपासा. तरीही चढलेलं असेल तर गर्भधारणा नाही ना ते बघा, थायरॉइड तपासा, आणि गरज वाटल्यास डॉक्टर पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या ज्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन येतं तिचा, एमआरआय सांगतील. पाळी न आल्याने 'पीसीओडी'चा शिक्का बसलेल्या मुलींनी आपण कोणती औषधं घेत होतो हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितलंच पाहिजे. पाळी परत येण्याआधी बीज तयार होतं, म्हणून मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरा. लैंगिक इच्छा मंद राहण्यामागे उदासी, नात्यातला ताण किंवा सोबतची नैराश्याची गोळीही असू शकते.

वजन आणि साखर

ओलान्झापाइन सुटल्यावर भुकेचा भस्मा जातो, पण वाढलेलं वजन आपोआप उतरत नाही. एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब आता एकदा, मग तीन महिन्यांनी तपासा. कमरेचा घेर मोजा: आपल्या लोकांत पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही मर्यादा. रोजचं चालणं आणि रात्रीचं जेवण लवकर, इतक्यावर सुरुवात करा. साखरेसाठीचं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ तपासायला विसरू नका, विशेषतः शाकाहारी असाल तर.

मन सुन्न, डोकं जड

हा भाग सर्वांत सावकाश सुटतो. गाणं ऐकून काही वाटत नाही, पेपरातला परिच्छेद डोक्यात शिरत नाही, माणसांत जावंसं वाटत नाही. यात औषधाचा वाटा किती, मूळ आजाराचा किती, नैराश्याचा किती आणि वर्षानुवर्षं घरी बसून राहण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण वेगळं काढता येण्यासारख्या गोष्टी आधी काढा: थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन. नैराश्य असेल तर त्यावर उपचार घ्या.

मग सराव. दहा मिनिटं मोठ्याने वाचन, वाचलेलं दोन वाक्यांत कोणाला तरी सांगणं. आठवड्यातून तीन-चार वेळा दम लागेल इतकं चालणं. घरातलं एक ठरलेलं काम, भाजी आणण्यापासून वीजबिल भरण्यापर्यंत काहीही, पण ते कायम त्याच माणसाचं. घरच्यांनी ते मध्येच हातातून काढून घ्यायचं नाही. पुढे अर्धवेळ काम किंवा पुनर्वसन केंद्र. काही जणांच्या बाबतीत उलट होतं, दाबलेल्या भावना एकदम वर येतात आणि क्षुल्लक गोष्टीवर रडू कोसळतं. झोप आणि विचार ठीक असतील तर याला लगेच आजार म्हणू नका, नोंदवा आणि बघा.

आजार परतला तर

आकडे सरळ सांगतो. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या स्किझोफ्रेनियावरच्या एकत्रित विश्लेषणात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असलेल्यांत २७ टक्के, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, मिळालेल्यांत ६४ टक्के निघालं. २०२३ साली इंग्लंडमधल्या 'रडार' चाचणीत औषध हळूहळू कमी करत नेलेल्या गटात दोन वर्षांत २५ टक्के जणांचा आजार गंभीरपणे उलटला, चालू ठेवलेल्यांत १३ टक्के जणांचा. म्हणजे सावकाश उतरूनही धोका राहतो, आणि तरीही बऱ्याच जणांच्या बाबतीत गंभीर काही घडत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, म्हणून तयारी दोन्हींची हवी.

मागच्या वेळी आजार कसा सुरू झाला होता ते वहीत लिहा. कोणाचं फोन बंद ठेवणं, कोणाचं शेजाऱ्यांच्या बोलण्यात अर्थ शोधणं, कोणाचं रात्री तीनला घर आवरणं. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या आणि बहुधा दर वेळी त्याच. साधारणपणे मळमळ, घाम, अस्वस्थता असे शरीराचे त्रास सोडल्यावर लगेच येतात, आणि संशय, आवाज, भलतेच अर्थ लावणं हे आठवड्यांनी-महिन्यांनी. पण या हिशेबावर विसंबून थांबू नका. आवाज ऐकू येऊ लागले तर ते सवय सुटल्याचे की आजाराचे, यावर वाद घालण्यापेक्षा त्या दिवशी डॉक्टर गाठणं महत्त्वाचं.

मन स्वच्छ असताना कुटुंबाशी तीन गोष्टी ठरवा: कोणती खूण दिसली की कोणी बोलायचं, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, आणि पुन्हा औषध लागलंच तर कोणतं नको. २०१७ च्याच कायद्याने आगाऊ सूचनापत्र लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय दिली आहे. 'हॅलोपेरिडॉलने मान वाकडी झाली होती' हे त्यात लिहिलेलं असेल तर तातडीच्या वेळी ते कामाला येतं. जीभ-ओठांच्या हालचाली असलेल्याला पुन्हा औषध द्यायचं झालं तर क्लोझापाइन किंवा क्वेटियापाइन यांसारख्या कमी धोक्याच्या औषधांचा विचार होतो. डॉक्टरांशी ही चर्चा आधीच करून ठेवा.

जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा कोणाला इजा करावी असे आवाज सांगत असतील, तर वाट पाहू नका. जवळचं रुग्णालय गाठा किंवा ११२ लावा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांची बाह्यरुग्ण सेवा आहे, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

आणि दुष्परिणाम टिकून राहिला असेल तर तो नोंदवाही. भारताच्या औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कामाच्या दिवशी रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो, डॉक्टरांचीच सही हवी असं नाही. फोन लावताना औषधाचं नाव, डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, आणि त्रास कधी सुरू झाला हे विचारतात. वही हाताशी ठेवा.